लव्ह ट्रॅक कापू नका, त्याची जागा बदला

खानापूरच्या एका तरुण दिग्दर्शकानं विचारलंय. तीस मिनिटांचा लघुपट लिहून झालाय, गोष्ट बेळगावातली. वडगावात एका कापड विणणाऱ्या मागवाल्याच्या घरी भाड्यानं खोली घेतलेला तरुण, घरमालकांची मुलगी, दोघांचं जमणं. आणि त्याच खोलीत दोन वर्षांपूर्वी मेलेला आधीचा भाडेकरू, ज्याच्या मरणाचा उलगडा कधी झालाच नाही. मित्रांनी वाचून सांगितलं, ‘प्रेमाचे प्रसंग आले की सस्पेन्स झोपतो, निम्मे काढून टाक.’ याचं म्हणणं असं, की हिंदी थ्रिलरचं तर प्रेमावाचून पान हलत नाही. मग तिथं ते जमतं कसं, आणि आपल्याला का जमत नाही?

मित्रांची तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. तुमची पटकथा मी सावकाश वाचली. माझं बरंचसं आयुष्य मुंबईत संकलनाच्या टेबलावर गेलं, आता शहापुरात एकांकिकावाल्या पोरांच्या संहिता वाचत बसलेला असतो. त्यामुळे कागद हातात आला की आधी कात्री कुठं लागेल तेच दिसतं. तुमच्या प्रेमप्रसंगांत मला कापावं असं जवळजवळ काही सापडलं नाही. अडचण जागेची आहे. तुमचे दोघे प्रेम करतात जांबोटीच्या रस्त्यावर, चोर्ल्याच्या घाटात, राकसकोपच्या पाण्याकाठी. आणि रहस्य सगळं वडगावच्या त्या खोलीत. मोटारसायकल गावाबाहेर पडली की प्रेक्षक निवांत होतो, कारण इथं काही घडायचं नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. ती दोघं परत आली की तुम्हाला त्याला पुन्हा पहिल्यापासून घाबरवत बसावं लागतं. असं चार वेळा होतं. सस्पेन्स झोपतो तो यामुळे.

हिंदीतल्या ज्या थ्रिलरमध्ये हे मिश्रण साधलंय, तिथं प्रेम आणि रहस्य असे दोन रुळ नसतातच. दोन्ही एकाच प्रश्नावर लटकलेली असतात, आणि तो प्रश्न ‘खून कुणी केला’ हा नसतो. ‘माझा जीव ज्याच्यावर जडलाय तो माणूस नेमका कोण आहे?’ हा असतो. प्रेमात पडलेला माणूसही हेच विचारतो, संशय आलेला माणूसही हेच विचारतो. दोघांची वाक्यं सारखी, फक्त आवाज वेगळा. एवढं धरून ठेवलंत तर बाकीचं तंत्र आपोआप मागं येतं.

एक चाचणी सांगतो, आजच करून बघा. पटकथेतलं प्रेम मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवा. खून, पुरावे, खुनी सगळं जागच्या जागी शाबूत राहिलं, तर प्रेम उपरं आहे. मग उलट करा: रहस्य काढा. निव्वळ प्रेमकथा सुखरूप उभी राहिली, तर रहस्य उपरं आहे. तुमची पटकथा सध्या दोन्ही वेळा शाबूत राहते, ही खरी गोम.

पुढं बऱ्याच सिनेमांचे शेवट मी उघडे करणार आहे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहावेत, मग वाचावं.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या मराठीतलंच आहे. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. त्यावरून राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) केला, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. हिंदीतली मांडणी अशी: नायक वकील. बायको त्याच्या डोळ्यांदेखत आजारपणात जाते. काही दिवसांनी पोलीस एका डाकू बाईला पकडतात, ती हुबेहूब बायकोसारखी दिसते आणि म्हणते, मीच तुमची बायको. खटला उभा राहतो आणि नवराच तिची उलटतपासणी घेतो.

आता बघा इथं काय झालंय. कोर्टात पुरावा म्हणून सुरा, रक्त, बोटांचे ठसे यातलं काही नाही. पुरावा म्हणजे त्यांचा संसार. ती आरोपीच्या पिंजऱ्यातून त्याला अशा गोष्टी सांगते ज्या फक्त बायकोलाच ठाऊक असाव्यात. नवरा-बायकोत घडलेलं, कुणाला न सांगितलेलं, ते भर कोर्टात उघडं होतं. प्रत्येक आठवणीसरशी नवरा ढासळत जातो, आणि प्रेक्षकाला वाटायला लागतं, हीच ती. मग तो मंगळसूत्राचं विचारतो. खरी बायको जी वस्तू कधीही जवळून दूर करणार नाही, ती कुठं गेली? आणि तिला नीट उत्तर देता येत नाही. ती कोसळते. त्या एका दागिन्यात लग्नही आहे आणि खटल्याचा निकालही. शेवटी कळतं, की मेली ती जुळी बहीण होती आणि पिंजऱ्यातली खरी बायको. म्हणजे नवऱ्यानं आपल्याच बायकोला भर कोर्टात खोटं ठरवलेलं असतं. यातून प्रेम काढून दाखवा. खटलाच उरत नाही.

(जुळ्या बहिणींची युक्ती तुम्ही वापरू नका. खोसलांनीच ती ‘वह कौन थी?’मध्ये आधी वापरली होती, आणि नंतर तिचा इतका चोथा झाला की आजचा प्रेक्षक पहिल्याच रिळात ‘जुळी असणार’ म्हणून मोकळा होतो.)

गाण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय, की ‘लघुपटात गाणं ठेवणार नाही, त्यानं वेग मरतो’. ठेवू नका, तुमची मर्जी. पण गाण्यानं वेग मरतो हे खरं नाही. बेळगावच्या थेटरांत, ग्लोब म्हणा, प्रकाश म्हणा, गाणं लागलं की मागच्या रांगा विडीकाडीला बाहेर पडायच्या, हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण काही गाण्यांना कुणी जागचं हलायचं नाही. त्यांत आणि बाकीच्यांत फरक एवढाच, की त्या गाण्यांत काहीतरी कळायचं राहिलेलं असायचं.

‘महल’ (१९४९) हा या सगळ्याचा उगम धरायला हरकत नाही. दिग्दर्शन कमाल अमरोही यांचं, निर्मिती बॉम्बे टॉकीजची, संकलन बिमल रॉय यांचं. ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं नायकाला दिसत नाही, ऐकू येतं. आणि ऐकू येतं ते लांबून. ध्वनिमुद्रणाच्या वेळी दुरून गात गात माईकपर्यंत चालत आले, असं लताबाईंनीच पुढं सांगितलेलं आहे. आज बटण फिरवून आवाज मागंपुढं करता येतो, तेव्हा पायानं चालावं लागे. पण त्या चालण्यामुळे काय झालं? बाई जवळ येतेय की लांब जातेय, हाच प्रश्न गाण्यात बसला. ओढ आणि भीती एकाच सुरात. मधुबालेचा चेहरा पडद्यावर यायच्या आधीच नायक तिच्यात गुंतलेला असतो, आणि आपणही. पुढं ती बाई भूत नसून माळ्याची मुलगी निघते, तरी गाण्यानं केलेलं काम पुसलं जात नाही.

‘वह कौन थी?’ (१९६४) मधलं ‘लग जा गले’ आता लग्नात, वाढदिवसाला, कुठंही म्हणतात. निव्वळ विरहाचं गाणं म्हणून. सिनेमात ते कुठं येतं ते मुद्दाम बघा. नायकाला पावसाळी रात्री एक बाई भेटली होती आणि दिसेनाशी झाली होती. नंतर त्याचं लग्न होतं ते तशाच चेहऱ्याच्या बाईशी. म्हणजे हे गाणं म्हणणारी त्याची बायको आहे, आणि ऐकणाऱ्याला बायको माणूस आहे की आणखी काही याचीच खात्री नाही. ती म्हणते, जवळ घे, या जन्मात पुन्हा भेट होईल न होईल. प्रेम करणाऱ्याला हे आर्जव वाटेल. संशय घेणाऱ्याला धमकी. मदनमोहन यांची चाल आर्जवाकडे झुकते, मनोजकुमार यांचा थंड चेहरा संशयाकडे. दोन्ही एकाच शॉटमध्ये. वेग मरतो म्हणणाऱ्या मित्रांना हे गाणं आवाज बंद करून एकदा दाखवा, मग आवाजासकट दाखवा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, जी पटकथेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. संशय लिहून निर्माण होतो त्यापेक्षा जास्त तो कापून निर्माण होतो. समजा, नायक निरोप घेऊन दाराकडे वळला. नायिका हसतेय. तिचं हसू ओठांवर असतानाच कट मारला तर ते प्रेम. कट मारला नाही, शॉट चालू ठेवला, हसू हळूहळू ओसरू दिलं, चेहरा कोरा झाला, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर आणखी एक सेकंद थांबलो, तर प्रेक्षक सावरून बसतो. नटीनं वेगळं काहीच केलेलं नसतं. कोणताही माणूस हसून झाल्यावर हसायचं थांबतोच. पण तो एक सेकंद, म्हणजे चोवीस फ्रेम, जुन्या हिशेबानं दीड फूट फिल्म, प्रेक्षकाच्या डोक्यात किडा सोडतो. रोमँटिक सिनेमाचा संकलक तो दीड फूट उडवतो. थ्रिलरचा संकलक जपून ठेवतो. दोन्ही मिसळायचं असेल तर कुठं उडवायचा आणि कुठं ठेवायचा, यातच सगळी मेख आहे. पहिल्या दोन प्रसंगांत उडवा. प्रेक्षकाला आधी बिनशर्त प्रेमात पडू द्या. तिसऱ्यात ठेवा.

म्हणून शूटिंगच्या वेळी एक नियम पाळा. प्रत्येक प्रेमप्रसंगात, समोरच्याची पाठ वळल्यानंतरचा चेहरा दोघांचाही घ्यायचा. कॅमेरामन कुरकुर करेल, उजेड चाललाय म्हणेल. घ्यायचाच. टेबलावर बसल्यावर हा शॉट नसेल तर बाहेरून आणता येत नाही.

पुढचा निर्णय तुम्हाला लिहितानाच घ्यावा लागेल, आणि तुमच्या पटकथेत तो टाळलाय असं मला वाटलं: प्रेक्षकाला किती सांगायचं. हिंदीत दोन घराणी आहेत. एक खोसलांचं, लपवून ठेवण्याचं. दुसरं सांगून टाकण्याचं, ज्याचा ठळक नमुना म्हणजे अब्बास-मस्तान यांचा ‘बाजीगर’ (१९९३). तिथं मध्यंतराच्या कितीतरी आधी नायक आपल्या प्रेयसीला इमारतीच्या गच्चीवरून खाली लोटतो. लग्न नोंदवायला म्हणून तिला घेऊन आलेला असतो. आपण डोळ्यांनी बघतो. तिच्याच धाकट्या बहिणीशी, म्हणजे काजोलशीही, त्याचं प्रेम चालू असतं, आणि आता प्रत्येक गाणं, प्रत्येक मिठी बघताना आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही. त्या काळात नायकच खुनी दाखवणं धाडसाचं होतं. शाहरुख खान तेव्हा नवखा होता, त्यामुळे ते खपलं असं लोक म्हणतात. मला वाटतं खपलं ते काजोलमुळे. तिचा विश्वास इतका भाबडा नसता तर आपल्याला भीतीच वाटली नसती.

चारच वर्षांनी राजीव राय यांच्या ‘गुप्त’मध्ये (१९९७) हीच काजोल उलट्या बाजूला आली. खुनी तीच, आणि खुनाचं कारण प्रेमच. नायकाच्या सावत्र वडिलांनी दुसऱ्याच मुलीशी त्याचं लग्न ठरवलं म्हणून. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा खलभूमिकेचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री. हा सिनेमा लपवणाऱ्या घराण्यातला. पण पहिला खेळ बघून बाहेर पडणारे टवाळ रांगेतल्या लोकांना खुनी कोण ते ओरडून सांगायचे, आणि तरी रांग मोडायची नाही. मला तेव्हा याचं फार नवल वाटायचं. शेवट माहीत असून ‘गुप्त’ पुन्हा बघा: ती नायकाला बिलगते तो प्रत्येक क्षण आता वेगळा दिसतो. ती खोटं प्रेम करत नाहीये. तिचं प्रेम सोळा आणे खरं आहे, आणि तेच धोक्याचं आहे. खुनी माणूस आधी गोड बोलून नंतर नकाब काढतो, हा स्वस्त प्रकार. इथं नकाबच नाही.

तुमच्या तीस मिनिटांत कुठलं घराणं? मी दुसरं सांगेन. लघुपटात लपवायला वेळ पुरत नाही. शेवटी उलगडा करायचा म्हणजे पाच मिनिटं संवादांत खुलासे देत बसावं लागतं, आणि पडद्यावर भाषण सुरू झालं की संपलंच. बाराव्या-तेराव्या मिनिटालाच प्रेक्षकाला कळू द्या, की मेलेल्या भाडेकरूशी घरमालकांच्या मुलीचं काहीतरी होतं. नायकाला कळू देऊ नका. मग पुढची सतरा मिनिटं तिनं नायकाला चहाचा कप दिला तरी थेटर गप्प बसेल.

नट निवडतानाही हेच डोक्यात ठेवा. विजय आनंद यांनी ‘ज्वेल थीफ’मध्ये (१९६७) मोठ्या खुबीनं अशोककुमारना उभं केलं. वडीलधारा, भारदस्त, प्रेक्षकांचा इतक्या वर्षांचा विश्वासू माणूस. त्याच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही, आणि चोर तोच. ‘इत्तेफाक’मध्ये (१९६९) यश चोप्रांनी नंदाला घेतलं, जी तोवर सोज्वळ बहीण आणि सोशिक बायको म्हणून घराघरांत ठाऊक होती. त्या सिनेमात एकही गाणं नाही, एक रात्र, एक घर, पळून आलेला कैदी आणि घरातली बाई. दोघांत ओढ आहे की नाही याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. तुमच्याकडे स्टार नाहीत, ठीक. पण बेळगावातल्या एकांकिका स्पर्धांत गेली काही वर्षं विनोदी भूमिका करणारी एखादी मुलगी असेलच, जिला बघून लोक आधीच हसायला लागतात. तिला घ्या. गंभीर, गूढ डोळ्यांची मुलगी शोधू नका, ती पहिल्याच शॉटला पकडली जाते.

जागेच्या मुद्द्यावर परत येतो, कारण दुरुस्ती तिथंच करायची आहे. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) तुम्ही पाहिला असणार. पुण्यात घडतो, आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक. त्यातला खुनाचा प्रसंग कसा बांधलाय ते नीट आठवा. एक जुना नट बायकोला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून घरी पियानोची खासगी मैफल ठरवतो. यापेक्षा रोमँटिक काय असेल? वादक येतो, बायको दार उघडते, तो वाजवायला बसतो. वाजवता वाजवता त्याला दिसतं, की नवऱ्याचं प्रेत पलीकडे पडलंय, आणि बायकोचा प्रियकरही घरात आहे. वादक आंधळा म्हणून ती दोघं त्याच्यासमोरच प्रेत आवरायला लागतात. आणि तो वाजवणं थांबवू शकत नाही. थांबला तर कळेल, याला दिसतंय. नवऱ्यानं प्रेमापोटी ठरवलेली मैफल त्याच्याच खुनाचं पार्श्वसंगीत होते. घर तेच, वेळ तीच, सूर तेच. तुमचा जांबोटीचा रस्ता आणि वडगावची खोली यांना असं एका जागी आणायचंय.

सुजॉय घोष यांच्या ‘कहानी’त (२०१२) तर प्रेमाचा उच्चारही नाही. कोलकात्यात नवऱ्याला शोधायला आलेली गरोदर बाई, आणि तिला मदत करणारा तरुण पोलीस, ज्याचा जीव तिच्यात गुंतत जातो. तो बोलत नाही, फक्त बघतो. पण आपण तिच्याकडे त्याच्याच डोळ्यांनी बघतो, आणि म्हणून फसतो. थोडक्या वेळात प्रेम दाखवायचं असेल तर याच्यासारखा धडा नाही.

जिथं हे फसलंय तेही बघायला हवं, फार वेळ न घालवता. २००० नंतर एक लाट आली, ज्यात चकचकीत माणसं एकमेकांना फसवत सुटतात. भाऊ भावाला, बायको नवऱ्याला, प्रेयसी दोघांना. ‘रेस’ (२००८) हा त्यातला सगळ्यात चालणारा. मजा येते, नाही म्हणत नाही. पण पाचव्या कलाटणीला आपण खांदे उडवतो, कारण एकाही माणसावर आपला जीव जडलेला नसतो. फसवणूक दुखायला आधी विश्वास लागतो. तुमचे मित्र बहुधा हेच सिनेमे बघत मोठे झालेत, म्हणून त्यांना लव्ह ट्रॅक म्हणजे मधला भराव वाटतो.

आता तुमची पटकथा. घाट, तलाव, मोटारसायकल सगळं बाहेर काढा. दोघांना वडगाव सोडू देऊ नका. आणि तुमच्या हातात जी गोष्ट आयती आहे आणि जिच्याकडे तुम्ही बघितलंच नाही, ती वापरा: माग. घरमालक मागवाला आहे असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय आणि पुढं विसरून गेलात. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत पॉवरलूमची, म्हणजे विजेवरच्या मागांची, खटखट दिवसभर चालू असते. तिथल्या माणसांना ती ऐकूच येत नाही. करंट गेला की मात्र सगळी गल्ली एकदम जागी होते, ‘काय झालं गं’ म्हणून बायका दारात येतात.

या आवाजाचा एक गुण प्रेमाच्या कामाचा आहे. माग चालू असताना दोन माणसं कानाला तोंड लावून काहीही बोलू शकतात, तिसऱ्याला ऐकू जात नाही. बाप दोन हातांवर उभा असला तरी. म्हणजे वडगावच्या त्या घरात प्रेम करायला सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? मागाची खोली. तुमच्या दोघांचं पहिलं बोलणं तिथं घडवा. प्रेक्षकाला हे गोड वाटेल. मग बाराव्या मिनिटाला त्याला कळू द्या, की आधीचा भाडेकरू ज्या दुपारी मेला, तेव्हाही माग चालू होते, आणि म्हणून कुणी काही ऐकलं नाही. बस. यापुढं माग सुरू झाला की प्रेक्षकाला प्रेमही आठवेल आणि मरणही. तुम्हाला वेगळं भीतीचं संगीत घालायची गरज नाही. आणि शेवटचा प्रसंग करंट जाण्यावर बांधा. दोघं मागाच्या खोलीत बोलतायत, ती त्याला ती दुपार सांगतेय, भर आवाजात, कारण कुणाला ऐकू जाणार नाही. आणि वाक्याच्या मध्येच करंट जातो. तिचं अर्धं वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जातं. ते अर्धं वाक्य काय असावं, ते तुम्ही लिहा. मी लिहिलं तर ते माझं होईल.

दुसरी आयती गोष्ट भाषेची. आपल्याकडे माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि कुणाशी काय बोलायचं हे विचार न करता बदलतो. तुमचा नायक कोल्हापूरकडचा आहे आणि त्याला कन्नड येत नाही असं सगळे धरून चाललेत. म्हणून घरमालक आणि त्याचा भाऊ त्याच्यासमोर बिनधास्त कन्नडमध्ये बोलतात. तो मान खाली घालून जेवतो. मुलगी त्याला लाडानं दोन-चार कन्नड शब्द शिकवते, ‘ऊटा आयता?’ (जेवण झालं का?) वगैरे, तो मुद्दाम चुकवतो, ती हसते. छान प्रेमप्रसंग आहे, तुमच्याकडे जवळपास असाच आहे. आता पुढं कधीतरी रात्री त्याला फोन येतो आणि तो सफाईनं कन्नडमध्ये बोलतो. एवढंच दाखवा, काय बोलला ते नको. हसतखेळत शिकवलेला धडा त्या क्षणी पुराव्यात जमा होतो, आणि आता दोघंही एकमेकांपासून काहीतरी लपवतायत. संशय दोन्हीकडून हवा. एकाच बाजूनं असेल तर दुसरा नुसता बकरा ठरतो. फक्त जपा, की कन्नड बोलणं हीच गुन्ह्याची खूण होऊन बसू नये. आपल्या भागात तसं वाचायला लोक टपलेलेच असतात, दोन्ही बाजूंचे. घरातला सगळ्यात भला माणूसही कन्नडच बोलणारा ठेवा, म्हणजे तो प्रश्न उरत नाही.

पावसाचे सात प्रसंग आहेत, ते दोनवर आणा. आपल्याकडे पाऊस फुकट मिळतो म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण रहस्यात पाऊस आणि विजा आता इतक्या झाल्यात की त्यांचं कुणाला काही वाटत नाही. भर दुपार, ऊन, चालू माग, हे जास्त भीतीदायक होईल.

शूटिंगचं एक व्यावहारिक सांगतो, नाहीतर आवाजाच्या मिक्सिंगला बसल्यावर रडाल. माग चालू ठेवून संवाद रेकॉर्ड करू नका. माग बंद करून संवाद घ्या, नटांना कानाशी ओरडल्यासारखंच बोलायला लावा, नाहीतर आवाजाची पट्टी जुळणार नाही. मग मागाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा: खोलीत उभं राहून एकदा, शेजारच्या खोलीतून एकदा, आणि गल्लीच्या टोकावरून एकदा, प्रत्येक वेळी सलग पाच-सात मिनिटं. करंट गेल्यावर माग थांबताना जो आवाज करतो तो वेगळा घ्या, दहा-पंधरा वेळा. आणि मागवाल्याचा दिवस मोडणार असेल तर त्याची मजुरी आधी ठरवून द्या, शूटिंग संपल्यावर नको.